दारू सोडायची आहे, सभेला जायचं आहे: पहिल्या फोनपासून पहिल्या तीन महिन्यांपर्यंत

दारू सोडणाऱ्यांच्या सभांबद्दल बाहेरच्यांना दोनच गोष्टी ठाऊक असतात: गोलात मांडलेल्या खुर्च्या आणि उभं राहून नाव सांगणं. खुर्च्या बऱ्याच ठिकाणी साध्या ओळीतच असतात, आणि नाव सांगायचं की नाही हे तुमच्यावर असतं. पुढे लिहिलेलं सगळं पहिल्यांदाच जाणाऱ्यासाठी आहे. अजून पिणं चालू असेल तरी वाचा. सभेला जायला आधी सुटलेलं असावं लागत नाही, सोडायची इच्छा पुरते.

सभेतली सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे तिथली माणसं. कोण काय बोललं ते घरी येईपर्यंत विसरलात तरी बिघडत नाही. रात्री अकरा वाजता जीव कासावीस झाला की फोन उचलणारी दोन-तीन माणसं मात्र हवीत. सभा शोधताना, निवडताना आणि तिथून परतताना हाच हिशेब डोक्यात ठेवा.

आधी शरीराचं बघा

रोज आणि भरपूर पिणाऱ्याने मनाच्या जोरावर एका दिवसात दारू बंद करणं धोक्याचं आहे. मेंदूला वर्षानुवर्षं दारूच्या गुंगीची सवय झालेली असते आणि ती गुंगी तोलून धरण्यासाठी तो सतत उलट दिशेने जोर लावत असतो. दारू अचानक काढली की तो जोर मोकळा सुटतो. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ ते २४ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप उडणं सुरू होतं. फिट येण्याचा धोका पहिल्या ४८ तासांत जास्त असतो. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना नसलेली माणसं दिसायला लागतात, आपण कुठे आहोत तेच कळत नाही, ताप चढतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो.

म्हणून सकाळी हात स्थिर करायला प्यावी लागत असेल, पूर्वी कधी दारू थांबवल्यावर फिट किंवा भास झाले असतील, गरोदरपण असेल, यकृताचा किंवा हृदयाचा आजार असेल, झोपेच्या गोळ्याही चालू असतील, तर आधी डॉक्टर. ते काही दिवसांचं औषध देतील, बी-१ जीवनसत्त्व सुरू करतील, गरज वाटली तर दाखल करून घेतील. किती पिता ते त्यांना खरं सांगा. औषधाचा डोस त्यावरच ठरतो. सभा आणि डॉक्टर एकाच आठवड्यात चालू शकतात, एकासाठी दुसऱ्याची वाट बघू नका. पण सभेतला माणूस कितीही जुना असला तरी विड्रॉवल, म्हणजे दारू थांबवल्यावर होणारा हा त्रास, सांभाळणं हे त्याचं काम नाही.

सभेच्या दिवशी प्यायलेले असाल तर? बहुतेक सभांत शांत बसून ऐकायला कुणी अडवत नाही. फक्त त्या दिवशी बोलू नका, आणि स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

कुठली सभा?

सगळ्यात जास्त ठिकाणी सापडते ती अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची, म्हणजे ए.ए.ची. साधारण १८० देशांत तिचे समूह आहेत. तिची सुरुवात १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात झाली, आणि ती कशी झाली हे नव्या माणसाला माहीत असलेलं बरं. काही महिने न प्यायलेला बिल नावाचा शेअर दलाल धंद्यातल्या अपयशाने खचून एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. एका बाजूला बार होता. बारकडे जाण्याऐवजी त्याने चर्चच्या एका धर्मगुरूंना फोन लावला, मग त्यांनी दिलेल्या नावांना एकामागून एक फोन लावले आणि विचारलं, माझ्याशी बोलू शकेल असा कुणी दारुडा तुमच्या ओळखीत आहे का? त्यातून त्याची डॉक्टर बॉब नावाच्या सर्जनशी गाठ पडली. बॉबचा शेवटचा पेला १० जून १९३५ चा धरतात आणि तोच ए.ए.चा स्थापना दिवस. ही सगळी चळवळ स्वतःला सावरण्यासाठी केलेल्या फोनवर उभी आहे, त्यामुळे पुढे एखादा सभासद तुम्हाला म्हणाला, ‘कधीही फोन करा, त्यात माझाही फायदा आहे,’ तर तो मनापासून बोलतो आहे असं समजा.

ए.ए.मध्ये नावनोंदणी नाही, वर्गणी नाही, फॉर्म नाही, हजेरीपट नाही. सभासद व्हायला दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट. कार्यक्रम बारा पायऱ्यांचा आहे, म्हणजे दारूतून सावरण्यासाठी क्रमाने करायच्या बारा गोष्टींचा. त्यात ‘ईश्वर’ आणि ‘उच्च शक्ती’ हे शब्द येतात, त्यामुळे काहीजण दारातूनच मागे फिरतात. त्यांच्यासाठी सांगतो: त्या शक्तीचा अर्थ ज्याने त्याने लावायचा असतो, कित्येक जण तो समूहालाच लावतात, आणि निधर्मी ए.ए. सभाही असतात.

ते तरीही जमत नसेल तर दुसऱ्या वाटा आहेत. स्मार्ट रिकव्हरी १९९४ पासून चालते. तिथे प्रशिक्षण घेतलेला संचालक असतो, विचार आणि वागणूक बदलण्याची तंत्रं कागद-पेन घेऊन शिकवतात, स्पॉन्सर (ए.ए.मध्ये नव्याला वाट दाखवणारा जुना सभासद) नसतो आणि स्वतःला कुठलंही लेबल लावावं लागत नाही. लाइफरिंगमध्ये गेला आठवडा कसा गेला आणि येणारा कसा काढणार यावर एकमेकांशी थेट गप्पा होतात. विमेन फॉर सोब्रायटी १९७५ पासून फक्त स्त्रियांसाठी आहे. रिकव्हरी धर्मामध्ये बौद्ध ध्यानाचा आधार घेतात. दारूसोबत इतर नशाही असेल तर नार्कोटिक्स ॲनॉनिमस बघा. तिथे दारूही नशेतच मोजतात.

उपयोग किती होतो? २०२० साली कोक्रेन या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांची माहिती एकत्र तपासली. समुपदेशकाने ठरलेल्या पद्धतीने ए.ए.कडे वळवलेल्यांपैकी वर्षभराने पूर्ण सोबर, म्हणजे अजिबात न पिणारे, सुमारे ४२ टक्के निघाले, इतर उपचारांत ते ३५ टक्के होते. म्हणजे जादू नाही, पण फुकट मिळणाऱ्या गोष्टीसाठी हा आकडा फार चांगला आहे. यामागची कारणं शोधणाऱ्या संशोधकांना सतत एक गोष्ट सापडते: माणसाच्या भोवतीचं वर्तुळ बदलतं, पिणारे कमी होतात, न पिणारे वाढतात.

आमचा सल्ला: पद्धतीवर आठवडाभर विचार करत बसू नका. जिथे या दोन-तीन दिवसांत पोचता येईल तिथून सुरुवात करा. बदलता नंतर येतं, आणि दोन पद्धतींच्या सभांना एकाच वेळी गेलं तरी कुणी हरकत घेत नाही.

सभा शोधणं

ए.ए.साठी सोपा मार्ग म्हणजे ‘मीटिंग गाइड’ हे त्यांचं मोफत ॲप. फोनचं लोकेशन चालू ठेवलं की जवळच्या सभा वेळेनुसार दिसतात. जिथे ॲपमध्ये माहिती नाही तिथे त्या देशाच्या किंवा शहराच्या ए.ए. कार्यालयाची वेबसाइट आणि हेल्पलाइन असते. ऑनलाइन सभांची स्वतंत्र यादी ए.ए.च्या ऑनलाइन इंटरग्रुपकडे, म्हणजे ऑनलाइन समूहांच्या एकत्र संस्थेकडे, आहे. तिथे भाषेनुसार गाळून बघता येतं. स्मार्ट, लाइफरिंग आणि बाकीच्यांच्या याद्या त्यांच्या त्यांच्या वेबसाइटवर मिळतात. याशिवाय व्यसनमुक्ती केंद्र, रुग्णालयातला मानसोपचार विभाग, समाजसेवक यांना जवळच्या सभा तोंडपाठ असतात.

यादी वाचताना चार गोष्टी बघायच्या. पहिली, सभा खुली आहे की बंद. खुल्या सभेला कुणीही येऊ शकतं, नातेवाईक, विद्यार्थी, नुसता उत्सुक माणूससुद्धा. बंद सभा ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठीच. ‘मला प्रॉब्लेम आहे की नाही तेच कळत नाही’ अशा अवस्थेत असाल तर खुली बरी; सोडायची आहे हे नक्की असेल तर बंद सभेत लोक जास्त मोकळं बोलतात. दुसरी, प्रकार. वक्त्यांची सभा म्हणजे एक-दोघं आपली कहाणी सांगतात आणि बाकीचे ऐकतात. चर्चेची सभा म्हणजे एका विषयावर सगळे आळीपाळीने बोलतात. पायऱ्यांची किंवा वाचनाची सभा म्हणजे पुस्तकातला भाग वाचून त्यावर बोलणं. ‘नवीन सभासदांसाठी’ असं लिहिलेली सभा मिळाली तर ती सोडू नका. तिसरी, कुणासाठी: फक्त स्त्रिया, तरुण, समलिंगी आणि ट्रान्स व्यक्ती अशा सभा वेगळ्या असतात. चौथी, ती माहिती कधी अपडेट केली आहे.

या चौथ्या गोष्टीवर जरा थांबतो, कारण पहिला प्रयत्न फसण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. समूह स्वयंसेवकांवर चालतात. जागा बदलते, वार बदलतो, सुट्टीच्या दिवशी दार बंद असतं, आणि यादी जुनीच राहते. कसंबसं बळ एकवटून गेलेला माणूस कुलपासमोर उभा राहिला की तो पुन्हा लवकर येत नाही. त्यामुळे जायच्या आधी एक फोन करा. आणि पहिल्यापासूनच एक नाही, तीन सभा निवडून ठेवा: वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो वेगवेगळ्या समूहांच्या. एक रद्द झाली तर दुसरी दोन दिवसांवर असली पाहिजे. त्यातली एक ऑनलाइन ठेवा, तिला कुलूप नसतं.

तो फोन

हेल्पलाइनवर बहुतेक वेळा स्वतः दारू सोडलेला स्वयंसेवकच असतो. त्याला पूर्ण हकीकत सांगायची गरज नाही. एवढं पुरे: ‘मला दारू सोडायची आहे. पहिल्यांदाच सभेला यायचं आहे. अमुक भागात, संध्याकाळी सहानंतर सभा आहे का? ती अजून त्याच जागी भरते ना? दार कुठल्या बाजूला आहे?’ आणि शेवटचं, सगळ्यात कामाचं वाक्य: ‘मला दारात कुणी भेटू शकेल का?’ बरेच समूह हे आनंदाने करतात. ज्याच्या ओळखीचं एक तरी माणूस आत आहे त्याला उंबरठा ओलांडणं सोपं जातं. फोन उचलला गेला नाही तर निरोप ठेवा आणि दुसरा नंबर लावा. स्वयंसेवकांचीही नोकरी असते. संपूर्ण नाव, पत्ता, ऑफिस हे कुणी विचारणार नाही. विचारलंच तर देऊ नका.

जायच्या दिवशी

दुपारपासून मन सबबी शोधायला लागेल: डोकं दुखतंय, पाऊस आहे, पुढच्या आठवड्यापासून नीट सुरू करू. असं होणारच हे धरून चाला आणि जायचा निर्णय त्या वेळी पुन्हा काढू नका. पोटभर खाऊन निघा. रिकाम्या पोटी तलफ वाढते. ठरलेल्या वेळेच्या १० ते १५ मिनिटं आधी पोचा. बरोबर वेळेवर पोचलात तर सुरू झालेल्या सभेत सगळ्यांच्या नजरा चुकवत खुर्ची शोधावी लागते. फार लवकर पोचलात तर बाहेर एकटं उभं राहून परत फिरायला वेळ मिळतो.

सभागृह बहुधा दुसऱ्याच कुणाचं असतं: चर्च, शाळा, रुग्णालय, समाजमंदिर. चर्चमध्ये सभा आहे म्हणजे ती चर्चची आहे असं नाही, समूहाने फक्त खोली घेतलेली असते. बाहेर पाटी लहान असते किंवा नसतेच. दारात दिसेल त्याला ‘सभा इथेच आहे का?’ एवढंच विचारा. सोबत फोन, पेन आणि चुरगळली तरी चालेल अशी छोटी वही. बस्स.

आत काय घडतं

सभा साधारण ६० ते ९० मिनिटांची. सुरुवातीला संचालन करणारा एक ठरलेला मजकूर वाचतो. मग कुणी बारा पायऱ्या वाचतो, कुणी परंपरा, म्हणजे समूह कसा चालवायचा याची तत्त्वं. पहिल्यांदा हे वाचन लांबलचक आणि जरा धार्मिक वाटतं. त्यातलं काही कळलं नाही तरी हरकत नाही, दहा मिनिटांत संपतं. पुढे विचारतात, ‘आज कुणी पहिल्यांदा आलं आहे का?’ हात वर करणं ऐच्छिक आहे, पण आम्ही म्हणू, करा. हात वर केला नाही तर तुम्ही नवे आहात हे कुणाला कळत नाही, आणि सभेनंतर तुमच्याशी बोलायला येणारी माणसं येत नाहीत.

मग शेअरिंग. एकजण बोलतो, बाकीचे ऐकतात. मध्येच प्रश्न, सल्ला, टोकणं, ‘मला वाटतं तू असं कर’, हे ए.ए.मध्ये चालत नाही. नव्या माणसाला हे थंडपणाचं वाटतं: एवढं दुःख कुणी सांगितलं आणि समोरचे नुसते ‘थँक्यू’ म्हणाले! पण घरीदारी प्रत्येकाकडून उपदेश ऐकून आलेल्या माणसाला कुणी न तोडता पाच मिनिटं बोलू देणं, याची किंमत दुसऱ्या-तिसऱ्या सभेत कळते. स्मार्ट आणि लाइफरिंगमध्ये मात्र उलटं आहे, तिथे एकमेकांना प्रश्न विचारणं अपेक्षितच असतं.

लोक हसतात, तेही स्वतःच्या भयंकर प्रसंगांवर. ते बेफिकिरीने हसत नाहीत. ज्या गोष्टीची वर्षभर लाज वाटली ती दहा जणांनी केलेली आहे हे कळल्यावर येणारं ते हसू असतं.

मध्येच एक पिशवी किंवा डबा फिरतो. ए.ए.चे समूह बाहेरून देणगी घेत नाहीत, खोलीचं भाडं आणि चहा यातूनच निघतो. पहिल्यांदा आलेल्याने काहीही टाकू नये असं बरेच समूह स्वतःहून सांगतात. डबा पुढे सरकवा. काही ठिकाणी २४ तास, ३० दिवस, ९० दिवस, वर्ष अशा टप्प्यांसाठी बिल्ले देतात. २४ तासांचा, म्हणजे ‘आजपासून प्रयत्न करतो’ याचा बिल्ला घ्यायला उठावंसं वाटलं तर उठा. नाही वाटलं तर बसून राहा. शेवटी बऱ्याच ठिकाणी सगळे उभे राहून हात धरतात आणि छोटी प्रार्थना म्हणतात. विश्वास नसेल तर गप्प उभं राहा, कुणी बघत नाही.

बोलायची पाळी आली तर

‘आज फक्त ऐकतो’ हे पूर्ण उत्तर आहे. कारण द्यावं लागत नाही. बोलायचं असेल तर पहिलं नाव, आणि दोन-तीन मिनिटं. ‘मी अल्कोहोलिक आहे’ हे शब्द तोंडात येत नसतील तर ‘मी अमुक, पहिल्यांदा आलोय’ एवढंच म्हणा. अडचण शोधून सजवून मांडू नका, आजची सांगा: काल काय झालं, आज कशाची भीती वाटते.

काय सांगू नये हेही माहीत हवं. इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं ही प्रथा आहे आणि ती बहुतेक लोक प्रामाणिकपणे पाळतात. पण वकील किंवा डॉक्टरवर असतं तसं कायद्याचं बंधन सभासदांवर नसतं. कोर्टात चालू असलेलं प्रकरण, केलेला गुन्हा, ऑफिसचं नाव, बायकोची किंवा नवऱ्याची खाजगी गोष्ट, यांची जागा सभा नाही. ते एका विश्वासाच्या माणसाशी किंवा समुपदेशकाशी बोला.

सभा संपल्यावरची पंधरा मिनिटं

नवे लोक प्रार्थना संपताच दाराकडे धावतात. धावू नका. सभेतलं अर्धं काम इथे होतं. खुर्च्या उचलायला हात लावा. हाताला काम असलं की बोलणं सोपं जातं. ज्याचं बोलणं आपल्यासारखं वाटलं त्याच्याकडे जाऊन एवढंच म्हणा: ‘तुमचं बोलणं पटलं. नंबर मिळेल का?’ दोन-तीन नंबर घ्या, शक्यतो आपल्याच लिंगाच्या लोकांचे. नावासमोर ‘सभा’ किंवा स्वतःला कळेल अशी खूण लिहा, नाहीतर आठवड्याने सहा ‘अशोक’ फोनमध्ये असतात आणि कोण कुठला ते कळत नाही.

आणि त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी, तलफ नसताना, त्यातल्या एकाला फोन करा. ‘काल भेटलो होतो, आज बरा आहे, एवढंच सांगायला केला.’ एका मिनिटाचं काम. हे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण ज्याला कधीच फोन केला नाही त्याला अडचणीच्या रात्री फोन करणं जवळजवळ अशक्य असतं. लाज आडवी येते. सवय शांत दिवसात लावून ठेवलेली असली तर अडचणीत बोट आपोआप त्या नंबरवर जातं.

पहिले तीन महिने

९० दिवसांत ९० सभा हे ए.ए.मधलं जुनं म्हणणं आहे. तो नियम नाही. ज्याला झेपतं त्याने जरूर करावं. लहान मुलं किंवा पाळीची नोकरी असलेल्याने आठवड्याला तीन-चार प्रत्यक्ष सभा आणि बाकीच्या दिवशी एक ऑनलाइन सभा किंवा एक फोन असं धरलं तरी चालेल. महत्त्वाचं हे की ज्या वेळेला तुम्ही पीत होता त्याच वेळेत सभा बसवा. संध्याकाळी सातला पिणाऱ्याने सकाळच्या सभेला जाऊन संध्याकाळ रिकामी ठेवली तर सकाळचा उपयोग निम्मा होतो.

किमान सहा वेगवेगळ्या सभा बघितल्याशिवाय ‘हे माझ्यासाठी नाही’ असं ठरवू नका. समूहासमूहात फार फरक असतो: एक कर्मठ, एक गप्पिष्ट, एकात सगळे निवृत्त, एकात सगळे तिशीतले. तीन-चार आठवड्यांत एक समूह आपला वाटायला लागेल. त्यालाच घरचा समूह धरा आणि तिथे एक छोटं काम मागा: चहा, खुर्च्या, दारात स्वागत. काम घेतलेला माणूस कंटाळा आला तरी येतो, कारण चहाची किल्ली त्याच्याकडे असते.

स्पॉन्सर म्हणजे तुमच्या आधी ही वाट चाललेला आणि पायऱ्या समजावून देणारा सभासद. तो डॉक्टर नाही, सावकार नाही, साहेब नाही. निवडताना बघा: किमान एक वर्षाची सोबरायटी आहे का, स्वतः पायऱ्या केल्या आहेत का, त्याला स्वतःचा स्पॉन्सर आहे का, आणि फोन उचलतो का. पुरुषाने पुरुष, स्त्रीने स्त्री ही रीत बहुतेक ठिकाणी आहे, कारण आकर्षण मध्ये आलं की मदत मागे पडते. समलिंगी व्यक्तींनी याच कारणाचा विचार करून निवड करावी. ‘तात्पुरते स्पॉन्सर व्हाल का?’ असं विचारलं तर दोघांनाही मोकळीक राहते. नकार आला तर वाईट वाटून घेऊ नका, त्याच्याकडे आधीच चारजण असतील. जमत नसेल तर बदला. त्यासाठी भांडण लागत नाही, आभार मानून सांगितलं की झालं.

जे बिघडतं

सगळ्यात फसवा वाटतो तो दुसरा-तिसरा आठवडा. शरीर सावरलेलं असतं, झोप यायला लागते, चेहरा उजळतो, घरचे खूश असतात, आणि माणसाला वाटतं की झालं आता. सभा एकदा चुकते, मग दोनदा. पिण्याच्या आधी सभा सुटते, हा क्रम फार ठरलेला आहे. म्हणून सलग दोन सभा चुकल्या की तिसरीची वाट न बघता कुणाला तरी फोन करा.

तुलना हा दुसरा खड्डा. ‘तो फुटपाथवर झोपला होता, माझी नोकरी शाबूत आहे, मी काही त्याच्यासारखा नाही.’ प्रसंग वेगळे असणारच. प्रसंगांऐवजी भावना ऐका: लपवून पिणं, सकाळची भीती, दिलेला शब्द मोडणं. तिथे ओळख पटते.

गोळ्यांबद्दल चुकीचा सल्ला देणारा एखादा भेटतो: ‘नैराश्याच्या गोळ्या घेतोस म्हणजे तू सोबर नाहीस.’ ए.ए.चं स्वतःचंच साहित्य सांगतं की कुठल्याही सभासदाने दुसऱ्यावर डॉक्टरकी करू नये. नैराश्याचं, फिटचं किंवा तलफ कमी करणारं औषध कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका.

सभांत चांगली माणसं असतात, तशी सगळ्या प्रकारची माणसंही असतात. नव्या, विशेषतः नव्या स्त्रियांच्या कमकुवत दिवसांचा फायदा घेऊन जवळीक साधणाऱ्याला सभासदच ‘तेरावी पायरी करणारा’ म्हणतात. म्हणजे हा प्रकार इतका ओळखीचा आहे. पहिल्या काही महिन्यांत एकट्याने घरी सोडायला येतो म्हणणारा, उसने पैसे मागणारा, धंद्याची योजना ऐकवणारा, अशांना सरळ नाही म्हणा आणि समूहाच्या सेक्रेटरीला किंवा जुन्या सभासदाला सांगा. ऐकून घेतलं नाही तर समूह बदला, सभा सोडू नका.

कोर्टासाठी किंवा मालकासाठी हजेरीचा कागद हवा असेल तर सभेआधी सेक्रेटरीला सांगा. सही देणं न देणं त्या समूहाच्या मर्जीवर असतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी विचारून घ्या.

ऑनलाइन सभा

ऑनलाइन सभांची वेळ कुठल्या देशाची लिहिली आहे ते आधी बघा. बहुतेक गोंधळ तिथेच होतो. आत जाण्याआधी स्क्रीनवर दिसणारं नाव बदला, ऑफिसच्या खात्यातून शिरलात तर आडनाव आणि कंपनी सगळ्यांना दिसते. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतं, पण काही समूह ओळख पटावी म्हणून सुरुवातीला चालू करायला सांगतात. इअरफोन लावा, दुसऱ्यांची दुःखं तुमच्या घरच्यांनी ऐकू नयेत. माइक बंद. रेकॉर्डिंग किंवा स्क्रीनशॉट कधीच नाही.

ऑनलाइनचा तोटा असा की बटण दाबलं की माणसं गायब होतात. म्हणून सभा संपल्यावर खोली उघडी ठेवणारे समूह निवडा, तिथे थांबा, आणि चॅटमध्ये नंबर देणाऱ्यांचे नंबर उतरवून घ्या.

पुन्हा प्यायलात तर

स्लिप झाली म्हणून कुणी काढून टाकत नाही. पुढच्याच सभेला जा, आणि जाण्याआधी एका माणसाला फोनवर सांगा. एकदा तोंडातून निघालं की सभेत सांगणं हलकं होतं. लपवलेली स्लिप मात्र माणसाला समूहापासून तोडते, कारण प्रत्येक सभेत खोटे दिवस मोजावे लागतात.

शरीराच्या दृष्टीने तीन गोष्टी लक्षात ठेवा. काही आठवडे न पिता काढल्यावर सहनशक्ती उतरते, त्यामुळे पूर्वीचीच मात्रा आता जिवावर बेतू शकते. डायसल्फिरमची गोळी चालू असेल तर शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंतही दारूने जबर त्रास होऊ शकतो, तेव्हा लगेच रुग्णालय गाठा. आणि काही दिवस सलग पिणं झालं असेल तर पुन्हा थांबवताना डॉक्टरांची मदत घ्या; विड्रॉवल मागच्यापेक्षा कडक येण्याची शक्यता असते.

घरच्यांसाठी

पिणाऱ्याच्या नातेवाइकांसाठी अल-ॲनॉन १९५१ पासून आहे, आणि घरातल्या किशोरवयीन मुलांसाठी ॲलाटीन. त्यासाठी पिणाऱ्याने सोडलेली असण्याची गरज नाही. तो सभेला येत नसला तरी तुम्ही जाऊ शकता. शोधायची पद्धत वर दिली तीच. पिणाऱ्यासोबत जायचं असेल तर खुली सभा निवडा. बंद सभेला त्याला दारापर्यंत सोडलंत तर उत्तम, पण बाहेर पहारा देत बसू नका. सभेनंतरची पंधरा मिनिटं त्याला तिथल्या माणसांबरोबर हवी असतात. घरी आल्यावर ‘काय बोललास?’ असं विचारू नका. ‘पुढची सभा कधी आहे?’ एवढं विचारलंत तर पुरे.